आधी साल ठरवा, मग ग्रीक चिलखत घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळचे सांगलीचे, नोकरीमुळे स्टुटगार्टला असता आणि इ.स.पू. ४८०च्या सुमाराचे ग्रीक होप्लाइट, म्हणजे ढाल-भाला घेऊन रांगेत लढणारे पायदळ, उभे करणाऱ्या एका हौशी गटात नुकतेच सामील झाला आहात. गटाचा नियम कडक आहे: अंगावर जे घालाल त्याला पुरावा दाखवता आला पाहिजे. एका विक्रेत्याकडे ‘स्पार्टन ब्राँझ मसल क्युरास, १८ गेज’ असे लिहिलेले, स्नायूंचे उठाव असलेले छाती-पाठीचे कवच ३९० युरोला दिसते आहे. ते घ्यावे का, आणि एकूण ८०० युरोंत काय काय जमेल?

ते कवच घेऊ नका. का ते जरा विस्ताराने सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी फोटो पाहून तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

मी पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत वाढलो. घरात दिवसभर घंगाळी आणि बंब मठारल्याचा, म्हणजे हातोडीने ठोकून घडवल्याचा आवाज असायचा. पत्रा हातोड्याखाली कसा वळतो, कुठे पातळ होतो, कधी त्याला पुन्हा ताव द्यावा (तापवून मऊ करावा) लागतो, हे मी आजोबांच्या शेजारी बसून शिकलो. गेली बावीस वर्षे ग्रीक आणि रोमन चिलखतांच्या प्रतिकृती बनवतो, दुरुस्त करतो आणि लोकांनी घेतलेल्या तपासून देतो. या काळात जितके लोक फसलेले पाहिले, त्यांतले बहुतेक एकाच ठिकाणी चुकले होते. त्यांनी ‘ग्रीक चिलखत’ मागितले. ग्रीक चिलखत नावाची एकच एक वस्तू कधी नव्हतीच.

डेंड्रा गावच्या थडग्यात १९६० साली सापडलेले काशाचे चिलखत घ्या. ते इ.स.पू. पंधराव्या शतकातले, रुंद पट्ट्यांचे, गळ्यापासून मांड्यांपर्यंत झाकणारे आहे. आर्गोसच्या थडग्यात १९५३ साली मिळालेले कवच इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरचे. ते कमरेशी घंटेसारखे बाहेर फाकते, म्हणून त्या प्रकाराला बेल क्युरास म्हणतात. व्हर्जिनाच्या राजघराण्याच्या थडग्यात पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांना १९७७ साली मिळालेले कवच लोखंडी पत्र्यांचे, वर सोन्याच्या पट्ट्या आणि सिंहमुखे, आणि ते इ.स.पू. चौथ्या शतकातले. तिन्ही ग्रीक भूमीतलीच. पण आर्गोसचे कवच घालून इ.स.पू. ४८०च्या थर्मोपिलीच्या लढाईत उभे राहणे म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या चित्रात १९२०ची मोटारगाडी काढण्यासारखे आहे, अंतर जवळपास तेवढेच पडते.

म्हणून पहिला नियम. साल ठरवा, प्रदेश ठरवा आणि मग संग्रहालयातली एक खरी वस्तू किंवा त्या काळातले एक खरे चित्र निवडा. तुमची प्रत ‘त्या’ वस्तूची असेल. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: ही कुठल्या मूळ वस्तूची प्रत आहे? चांगला कारागीर संग्रहालयाचे नाव आणि नोंद क्रमांक सांगतो, कुठे त्याने बदल केला तेही सांगतो. ‘अस्सल स्पार्टन डिझाइन’ एवढेच उत्तर आले तर तिथेच थांबा.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोंकडे येतो. मी ते मोठे करून पाहिले.

दोन्ही बाजूंना चामड्याचे पट्टे आणि पट्ट्यांना जिभेची बकले आहेत. ग्रीक मसल क्युरास बिजागऱ्या, खिळी, कड्या आणि कड्यांतून ओवलेल्या वाद्यांनी बांधत. बक्कल ही आजच्या निर्यातदाराची सोय आहे, कुठल्याही मापाच्या गिऱ्हाइकाला एकच कवच बसवता यावे म्हणून केलेली. मी कुठलाही फोटो पाहताना आधी बाजू पाहतो, छाती नंतर.

दुसरे म्हणजे स्नायूंचे उठाव. डावी-उजवी बाजू तंतोतंत आरशातली, कडा मऊ, सगळीकडे सारखी खोली. हे साच्यात दाबून काढलेले काम आहे. मूळ कवचांवर पोटाच्या मधली रेघ, बरगड्यांखालची कमान, स्तनाग्रे हे सगळे हाताने उठवलेले असते आणि हात कुठे थबकला ते दिसते. तिसरे, खालचा काठ ओटीपोटावरून गोल खाली उतरतो आणि त्याखाली धातूची बटणे मारलेल्या चामडी पट्ट्या लोंबतात. पोट झाकणारा लांब काठ हा पुढच्या काळात जास्त दिसतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मसल क्युरास नुकते येऊ लागले होते, ते कमरेशी संपणारे होते आणि ते परवडणारे लोक थोडे होते. बटणांच्या पट्ट्या सरळ सिनेमातून आल्या आहेत.

चौथे, धातू. जाहिरातीत ब्राँझ, म्हणजे कासे, लिहिले असले तरी रंग सांगतो की हे पितळ आहे. आपल्याकडे हा फरक आजीलाही ठाऊक असतो. पितळेत तांब्याबरोबर जस्त, काशात तांब्याबरोबर कथील. ग्रीक चिलखताचे कासे म्हणजे साधारण दहा टक्के कथील. आपल्या काशाच्या वाटीत कथील याच्या दुपटीहून जास्त असते, म्हणून ती वाटी लाल तापवूनच ठोकावी लागते, गार असताना ठोकली तर तडकते. दहा टक्क्यांचे कासे गार ठोकता येते, पण तांब्यापेक्षा फार लवकर कडक होते. दहा-पंधरा मिनिटे मठारले की पुन्हा ताव द्यायचा, असे शेकडो वेळा. किंमत चढते ती इथे. ३९० युरोत हे श्रम बसत नाहीत, म्हणून त्या किमतीला ‘ब्राँझ’ लिहिलेले दिसले की मिश्रधातूचे प्रमाण लेखी मागा. आजचे चांगले कारागीर सहा किंवा आठ टक्के कथिलाचा फॉस्फर ब्राँझ पत्रा वापरतात, ते मान्य करण्यासारखे आहे. शंका असेल तर सराफाकडे किंवा मोठ्या भंगार व्यापाऱ्याकडे क्ष-किरणांनी धातू ओळखणारे यंत्र असते. जस्ताचा आकडा मोठा आला की समजायचे.

पाचवी गोष्ट जाडीची, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते तीच. ‘१८ गेज’ हा शब्द विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. ब्रिटिश गेजमध्ये १८ म्हणजे १.२२ मिलिमीटर, अमेरिकेत पितळ-तांब्यासाठी जे गेज वापरतात त्यात १८ म्हणजे १.०२. नेहमी मिलिमीटर विचारा आणि किलो विचारा. हिशेब सोपा आहे. मध्यम अंगाच्या माणसाच्या छाती-पाठीला मिळून साधारण अर्धा चौरस मीटर पत्रा लागतो. काशाची घनता धरली तर एक मिलिमीटर जाडीला सुमारे ४.४ किलो होतात, दीड मिलिमीटरला ६.६. मूळ ग्रीक कवचे एक मिलिमीटरच्या आसपासची, काही ठिकाणी त्याहून पातळ. ग्रीक कारागिराने जिथे मार जास्त तिथे जाडी राखली आणि बाकी ठिकाणचे वजन काढून टाकले. कॉरिंथियन शिरस्त्राण पाहा: नाकावरची पट्टी जाड, मागचा भाग पातळ, आणि सगळे एकाच पत्र्यातून उठवलेले. सारख्या जाडीच्या पत्र्यावर ही कमाल होत नाही.

मी स्वतः ही चूक केली आहे. बावीस वर्षांपूर्वी, हातात काम होते पण ग्रीक वस्तू फक्त चित्रांत पाहिल्या होत्या तेव्हा, एका विक्रेत्याकडून असेच एक मसल क्युरास मागवले. वजन भरले पावणेआठ किलो. खांद्याच्या बिजागरीत लोखंडी खिळा होता, दोन पावसांत त्याच्याभोवती तांबूस डाग पडले. काखेच्या कडा सरळ कापलेल्या, वळवलेल्या नव्हत्या. ढाल धरायला डावा हात छातीसमोर आणला की ती कड दंडात रुतायची. अर्ध्या तासात काखेखाली रक्त साकळले. घंगाळाची कड आपण वळवून गोल करतो, नाहीतर उचलणाऱ्याचा हात कापेल. आर्गोसच्या त्या कारागिराला सत्तावीसशे वर्षांपूर्वी हे कळत होते, गळ्याची, काखांची आणि कमरेची कड त्याने बाहेर वळवली आहे. ते कवच प्रत्यक्ष पाहिले तेव्हा मी काचेसमोर बराच वेळ फक्त कडा पाहत उभा होतो.

एक गोष्ट मला इथे मनापासून सांगायची आहे. स्वस्त प्रतिकृतींचा मोठा भाग आपल्या देशातल्या मेरठ, डेहराडून या पट्ट्यातून जगभर जातो, आणि युरोपातले हौशी लोक ‘इंडियन’ म्हणून नाक मुरडतात. मी त्या कारखान्यांत कारागिरांसोबत बसलो आहे. त्यांच्या हातात उणीव नाही. त्यांच्यापुढे येणारी ऑर्डर सिनेमाचा फोटो घेऊन येते, दर आधीच ठरलेला असतो आणि मूळ वस्तूचे मोजमाप कुणी देत नाही. तुमच्या गटातल्या आठ-दहा जणांनी मिळून एकाच मूळ वस्तूची मापे, काठाचा छेद, जाडी कुठे किती, आतून-बाहेरून फोटो आणि धातूचे प्रमाण असे सगळे देऊन ऑर्डर दिली आणि पहिला नमुना पाहून मगच पुढचे करायला सांगितले, तर त्याच हातांतून फार चांगली वस्तू निघते. मी असे दोनदा करून घेतले आहे. दर दुप्पट द्यावा लागला, आणि तो योग्यच होता.

तर मग ४८० साली उभे राहायचे तर घालायचे काय?

त्या काळच्या अथेन्सच्या लाल आकृत्यांच्या भांड्यांवर पाहिले तर एक पोशाख पुन्हा पुन्हा दिसतो. धडाभोवती गुंडाळून डाव्या बाजूला बांधलेली ताठ नळी, पाठीवरून दोन्ही खांद्यांवर येऊन छातीवर बांधलेले दोन पल्ले, आणि कमरेखाली पट्ट्या. इंग्रजीतून आलेले नाव ट्यूब-अँड-योक. बाजारात याला सरसकट लिनोथोरॅक्स म्हणतात. हा शब्द ग्रीक महाकवी होमरमध्ये आहे, पण तिथे त्याचा अर्थ फक्त ‘लिननचे कवच घातलेला’ असा आहे, या विशिष्ट बेताचे, म्हणजे अशा बांधणीचे, ते नाव नाही. ग्रीक लेखक झेनोफोनच्या लिखाणात ‘स्पोलास’ असा वेगळा शब्द येतो आणि नंतरचा कोशकार पोलक्स ते चामड्याचे असल्याचे सांगतो. म्हणजे हाच बेत लिननचा असेल, चामड्याचा असेल, खवल्यांचा असेल, आणि व्हर्जिनाला तर लोखंडाचाही आहे.

बर्लिनच्या संग्रहालयात सोसियास या कुंभाराची सही असलेला, इ.स.पू. ५००च्या सुमाराचा एक प्याला आहे. आतल्या बाजूला ट्रॉयच्या युद्धकथेतला वीर अकिलीस आपला मित्र पट्रोक्लसच्या दंडाला पांढरी पट्टी बांधतो आहे. पट्रोक्लस मान फिरवून दात दाबून बसला आहे. दोघांच्याही अंगावर याच बेताचे, बारीक खवल्यांचे कवच आहे. पट्रोक्लसचा एक खांद्याचा पल्ला सुटला आहे आणि तो खाली पडलेला नाही, मानेशेजारी ताठ उभा आहे. मी शिकायला येणाऱ्याला हे चित्र पहिल्या दिवशी दाखवतो. पल्ला सोडल्यावर उभा राहतो याचा अर्थ ते साहित्य जाड आणि ताठ होते, आणि ते वाकवून खाली बांधल्याशिवाय बसत नव्हते. बाजारातली मऊ कापडाची किंवा पातळ चामड्याची ‘लिनोथोरॅक्स’ हातात घ्या आणि पल्ला सोडून पाहा. लोळला तर परत करा.

खालच्या पट्ट्याही नीट पाहा. त्या वेगळ्या कमरपट्ट्याला टांगलेल्या नसतात. नळीचाच खालचा भाग उभा चिरलेला असतो आणि आतून दुसरा थर असा बसवलेला असतो की बाहेरच्या फटींमागे आतली पट्टी येते. चिरल्याशिवाय पाय उचलता येत नाही आणि दुसऱ्या थराशिवाय फटी उघड्या राहतात, एवढे साधे ते गणित आहे.

आता चिकटवायचे की शिवायचे हा वाद. प्राचीन शस्त्रांची चित्रे काढणाऱ्या पीटर कॉनोली यांच्या चित्रांमुळे लिननचे थर सरसाने चिकटवल्याची कल्पना घराघरात पोचली. विस्कॉन्सिन विद्यापीठातले ग्रेगरी ऑल्ड्रेटी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी असे चिकटवलेले नमुने करून त्यांवर बाण सोडले आणि ते चांगले टिकतात हे दाखवले, त्यांचे पुस्तक २०१३ साली आले. तो प्रयोग मला मोलाचा वाटतो. पण अभिजात ग्रीसमधले चिकटवलेले एकही कवच हाती आलेले नाही. माझा कल शिवण्याकडे आहे. दाट टाके घातलेले दहा-पंधरा थरही पल्ला उभा ठेवण्याइतके ताठ होतात, घाम आणि पाऊस यांनी सुटत नाहीत, आणि फाटले तर घरी दुरुस्त होतात. उत्कृष्ट लिननच्या कवचाला त्या जगात किती मान होता हे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसवरून कळते. इजिप्तच्या अमासिस राजाने स्पार्टाला पाठवलेल्या कवचाचे वर्णन त्याने केले आहे: विणलेल्या आकृत्या, सोन्याचे आणि ‘झाडावरच्या लोकरीचे’ भरतकाम, आणि प्रत्येक धागा ३६० तंतूंचा. झाडावरची लोकर म्हणजे आपला कापूस.

चामड्याचे घ्यायचे असेल तर रंगाकडे लक्ष द्या. भांड्यांवर ही कवचे बहुधा पांढरी आहेत. तुरटीने कमावलेले चामडे पांढरे होते. सालीत कमावलेले, कोल्हापुरी चपलेसारखे तपकिरी चामडे सिनेमात शोभते, या काळाच्या चित्रांशी जुळत नाही.

तुमच्या ८०० युरोंची वाटणी मी अशी करेन. कवच विकत घेऊ नका, शिवा. न धुवट केलेले जाड लिनन, मेणाचा लिनन दोरा, आरी, चार चांगल्या सुया आणि छातीवर पल्ले बांधायला दोन काशाच्या कड्या, हे दीडशे ते दोनशे युरोंत येते. वेळ मात्र द्यावा लागेल. मला पहिल्याला चार महिने लागले, रोज रात्री जेवणानंतर तासभर. ते पावणेचार किलोंचे आहे आणि अजून वापरात आहे.

उरलेल्यातून नडगीची काशाची कवचे बनवून घ्या, साडेचारशे ते सहाशे युरोंच्या घरात. ही मात्र कधीही तयार मापाची घेऊ नका. मूळ नडगीकवचाला मागे पट्टा नसतो. पत्रा मठारून कडक झालेला असतो, तो दोन्ही हातांनी किंचित उघडायचा, पायावर चढवायचा आणि सोडायचा, तो पोटरीला स्वतःच धरून बसतो. हे होण्यासाठी आकार तुमच्याच पायाचा हवा आणि पत्रा पातळ हवा. कारागिराला दोन्ही पायांचे प्लास्टरचे साचे पाठवा. डावा-उजवा पाय सारखा नसतो. ज्या कवचांच्या मागे बकलांचे पट्टे दिसतात ती जाड पितळेची असतात आणि स्वतःहून बसत नाहीत म्हणूनच ते पट्टे असतात.

हाताने मठारलेले काशाचे शिरस्त्राण या बजेटमध्ये बसणार नाही. गटातल्या कुणाचे तरी पहिल्या वर्षी उसने मिळते का पाहा आणि पैसे साठवा. ढालीचे वेगळे बोलू.

आणि शिवायला बसण्याआधी म्युनिकला जाऊन या. तुमच्याकडून रेल्वेने दोन-अडीच तासांचे अंतर आहे. तिथल्या अँटिकेनझामलुंगेन संग्रहालयात युथिमिडीसने रंगवलेले एक भांडे आहे, इ.स.पू. ५१०च्या सुमाराचे. मध्ये ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर कवच अंगावर चढवतो आहे, एका बाजूला म्हातारा बाप प्रियाम, दुसऱ्या बाजूला आई हेकाबी शिरस्त्राण आणि भाला घेऊन उभी. त्या भांड्यासमोर घाई करू नका. कमरेची उंची कुठे येते, पट्ट्यांची लांबी किती, पल्ल्यांची रुंदी मानेच्या मानाने किती, हे वहीत काढून घ्या. तुमच्या गटाला दाखवायचा पुरावाही तोच होईल.

आल्यावर जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा. शिंपी कच्चे टाके घालून ट्रायल घेतो तसे. आत तुम्ही जो अंगरखा घालणार आहात तो घालूनच मापे घ्या, छाती पूर्ण श्वास भरून मोजा आणि नळीचा खालचा काठ कमरेच्या हाडाच्या वर ठेवा, पट्ट्या त्याखाली सुरू होतील. नमुना अंगावर असताना खाली वाका, चपलेचा बंद बांधा, डावा हात छातीसमोर आणा, उजवा डोक्यावर न्या, मग खुर्चीवर बसा. वरचा काठ सरकून हनुवटीला लागला तर नळी लांब झाली आहे, तीन-चार सेंटिमीटर कापा आणि पुन्हा बसा.

बसलेले असताना समोरून आणि डाव्या बाजूने असे दोन फोटो मला पाठवा. काखेत किती जागा सोडायची ते पाहून सांगतो, तोवर लिनन कापू नका.